सगळ्यांना एकदम हिरवा

गेस्के वीर्स्माला पर्यटक ओळखायला दोन सेकंद पुरत. डोक्यावर हेल्मेट, अंगात झगझगीत पिवळं जाकीट, आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी पुण्यकर्म करत असल्याचा भाव. सायकलच्या रस्त्याच्या ऐन मधोमध उभं राहून ही मंडळी सायकलींचे फोटो काढत. पुलावर, स्टेशनाच्या तळघरात, कोपऱ्यावरच्या खांबाला, जिथे म्हणून सायकल दिसेल तिथे यांना उमाळे फुटत.

“सायकलींचे फोटो!” ती शेजारच्या सीबोल्ट कामिंगाला म्हणायची. “उद्या घरात शिरतील आणि चमच्यांचे काढतील. अगंबाई, हे लोक चमच्याने सूप पितात!”

सीबोल्ट कुंपण छाटता छाटता नुसता ‘हुं’ करायचा. त्यांच्या त्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगन शहरात ‘हुं’ म्हणजे पुष्कळ बोलणं झालं.

गेस्के त्र्याहत्तर वर्षांची होती आणि आपण सायकल चालवायला कधी शिकलो हे तिला आठवत नव्हतं, जसं चालायला कधी शिकलो हे कुणाला आठवत नाही. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या मुलांची सायकलची परीक्षा घेतली होती. अकरा-बारा वर्षांची पोरं पाठीवर नंबर लावून शहरात फिरायची आणि ही कोपऱ्यावर पॅड आणि पेन्सिल घेऊन उभी. मागे वळून पाहिलं नाही, दोन मार्क गेले. वळताना हात दाखवला नाही, तीन गेले. आपल्या डॉक्टरच्या मुलीलाही तिने नापास केलं होतं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेली होती. वयामुळे ते काम सुटलं, पॅड कपाटात गेलं, पण मार्क कापणं काही थांबलं नाही. खिडकीत बसून ती जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कापायची. तिच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे त्या गावात सगळेच देतात ती: ‘याहून वाईट झालं असतं.’ तीसुद्धा ती वर्षातून एकदाच द्यायची.

नवरा जाऊन तिला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होती एक धाकटी बहीण, फेन्ना, आणि ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कॉलिन नावाच्या एका गोठेवाल्याशी लग्न करून ती न्यूझीलंडला गेली, ती मध्ये एकदाच आली, आईच्या मातीला, चार दिवसांसाठी. दोन वर्षांपूर्वी तो कॉलिन गेला. शेतावर चालवायच्या चार चाकांच्या मोटरसायकलचा अपघात, एवढंच पत्रात होतं. गेस्केने कार्ड पाठवलं, फोनही केला, पण काय झालं, कसं झालं हे विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं, ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगतो, अशी तिची समजूत होती.

मार्चमध्ये फेन्नाचाच फोन आला.

“रॉस म्हणतोय, इथलं घर विकून टाक,” ती म्हणाली. रॉस म्हणजे तिचा मुलगा. “मी म्हटलं, आधी गेस्केकडे जाऊन तीन आठवडे बघते. सायकलवर पाय जमले तर तिकडेच राहीन. नाही जमले तर येऊन करू काय? खिडकीत बसून लोक मोजू?”

“तुझं तू ठरव,” गेस्के म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने माडीवरच्या खोलीला रंग लावून घेतला. नवे पडदे शिवले. मागच्या छपरीतून आईची काळी सायकल बाहेर ओढली, तिला नवे टायर घातले, चेन बदलली, आणि फेन्ना आपल्याहून बुटकी म्हणून सीट चार बोटं खाली घेतली. बहिणीने राहावं असं तिला वाटत होतं. इतकं वाटत होतं की तसं बोलायचीच तिला भीती वाटत होती. सीबोल्टने रंगाच्या डब्यांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पोपडे आले होते.”

मे महिन्यात फेन्ना आली. अडुसष्ट वर्षांची, उन्हाने तांबारलेली, मोठ्याने हसणारी, अनोळखी माणसांशी दुकानात गप्पा मारणारी. हे सगळं गेस्केने पोटात घातलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फेन्नाने बॅगेतून हेल्मेट काढलं, तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

“हे काय?”

“हेल्मेट.”

“ते दिसतंय मला. पाव आणायला जायचंय गं आपल्याला, युद्धावर नाही.”

“तिकडे कायदाच आहे, गेस्के. सवय झालीय.”

“इथे हे कोण घालतं माहितीय का? पर्यटक. आणि शर्यतीवाले, ज्यांना पायांच्या मधोमध गादी शिवलेली चड्डी घालायची लाज वाटत नाही ते. सगळी गल्ली बघेल.”

फेन्नाने पट्टा लावला आणि आईच्या सायकलवर बसली. त्या सायकलला हाताचा ब्रेक नव्हता, उलटं पॅडल मारलं की थांबायची. लहानपणी ती हीच सायकल चोरून चालवायची. पण चव्वेचाळीस वर्षांनी पाय ते विसरले होते. गल्लीच्या वळणावर तिने दोन्ही हातांनी हँडलखालची हवा करकचून दाबली आणि सरळ सीबोल्ट कामिंगाच्या छाटलेल्या कुंपणात शिरली. तेही गल्लीच्या डाव्या बाजूने. न्यूझीलंडात वाहनं डावीकडून जातात, इथे उजवीकडून.

गेस्के हसली. मनापासून हसली, हीच तर वाईट गोष्ट. “हात दाखवला नाहीस, तीन गेले,” ती म्हणाली. “चुकीची बाजू, पाच. कुंपणाचे किती कापू ते सीबोल्टला विचारते.”

फेन्नाने केसांतली पानं काढली. पुढचे पंधरा दिवस ती पायी हिंडली, बसने हिंडली, आणि गेस्के रोज आईच्या सायकलला हवा भरत राहिली. मग एका गुरुवारी जेवताना फेन्ना म्हणाली, “शनिवारी मी सायकलवरून शहर बघायला जातेय. मार्गदर्शक बरोबर असतो. भाड्याची सायकल देतात, हाताच्या ब्रेकची.”

गेस्केच्या हातातला काटा थांबला. “कुठलं शहर?”

“हेच.”

“तू जन्मलीस ते?”

“हो.”

“पैसे देऊन?”

“तुझ्याबरोबर गेले तर तू मार्क कापशील,” फेन्ना म्हणाली. “रविवारी रॉसला सांगायचंय, घराचं काय ते. त्याआधी एकदा मला धडपणे चालवून बघू दे.”

गेस्केच्या अंगाचा तिळपापड झाला. आईची सायकल छपरीत तेलपाणी करून उभी आणि ही बया परक्यांच्या सायकलीवर बसून स्वतःच्याच गावात पाहुणी म्हणून फिरणार! पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती तिला चांगली कळत होती. तिथे पडली बिडली तर सोमवारच्या विमानाने जाईल, आणि गेली की गेली. म्हणून शनिवारी सकाळी गेस्केही आपली सायकल काढून त्या भाड्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली, कुणी बोलावलं नसताना.

सायकली नारंगी होत्या. हेल्मेटंही नारंगी, त्यावर कंपनीचं नाव आणि दात काढून हसणारं एक चाक. फेन्नाने आपलं घरी ठेवून त्यांचंच घातलं होतं. तिच्याशिवाय गटात तिघं होते: लियाँहून आलेलं, एकसारखी जाकिटं घातलेलं एक जोडपं, आणि टोरांटोचा एक उंच इसम, ज्याच्या हेल्मेटवर कॅमेरा बसवला होता. मार्गदर्शक होती लीके, चोवीस वर्षांची, गोड आवाजाची.

“बाई, तुम्ही आमच्या गटात आहात का?” तिने गेस्केला विचारलं.

“नाही. रस्ता सार्वजनिक आहे. तू कुठली?”

“फेन्लोची.”

“म्हणजे लिम्बर्ग.” गेस्केने फेन्नाकडे वळून पाहिलं. “ऐकलंस? देशाच्या पार खालच्या टोकाची पोर तुला ग्रोनिंगन दाखवणार.”

“दाखवू दे,” फेन्ना म्हणाली.

निघाले. लीके पुढे, तिच्यामागे जोडपं, मग कॅमेरेवाला, मग फेन्ना, आणि सगळ्यांच्या मागे गेस्के. कालव्याच्या कडेने जाताना जोडपं हातात हात घालून चालवू लागलं आणि मागे अकरा सायकली खोळंबल्या. कॅमेरेवाला दिसेल त्याला घंटी वाजवून अभिवादन करत होता. घंटी म्हणजे ‘बाजूला हो’, हे त्या भोळ्या जिवाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लोक दचकून बाजूला होत होते. एका बोळाच्या तोंडाशी लीकेने सगळ्यांना थांबवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की इथे एका बेकरीत म्हणे एका म्हाताऱ्या बेकरचं भूत रात्री पीठ मळायचं, शेजाऱ्यांना धपधप ऐकू यायचं.

“ती बेकरी माझ्या मामाची होती,” गेस्के मागून म्हणाली. “भूतबीत काही नव्हतं. उंदीर होते. मामी फळी आपटायची.”

जोडप्याने तोंडं पाडली. लीके कसनुसं हसली. फेन्नाला मात्र हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. क्षणभर दोघी त्याच मामाच्या दुकानात उभ्या असाव्यात तशा झाल्या. गेस्केने तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण जिभेला हाड नसलेलं माणूस कुठे थांबतं? पुढे फेन्ना वळली की मागून आवाज यायचा, “हात!” ती जरा डावीकडे सरकली की, “बाजू!” खरं तर ती बरी चालवत होती. पहिल्या अर्ध्या तासानंतर तिचे खांदे खाली आले होते, वाऱ्यात मान आपोआप खाली जात होती, ओठांतल्या ओठांत ‘उजवी, उजवी’ म्हणत ती नीट कडेने चालली होती. हे गेस्केला दिसत होतं. परीक्षकाचे डोळे होते ते. आपली बहीण पास होतेय या आनंदाने तिची छाती भरून येत होती, आणि तोंडातून निघत होतं, “मागे बघ! बहिरी झालीस का?”

बागेत कॉफीसाठी थांबले. प्रत्येकाच्या बशीत एकेक बिस्किट. कॅमेरेवाल्याने गेस्केला विचारलं, इथले लोक हेल्मेट का घालत नाहीत, भीती नाही वाटत?

मिळालीच संधी. गेस्के खुर्चीत ताठ बसली.

“भीती कुणाला वाटते सांगू? ज्याला येत नाही त्याला,” ती म्हणाली. “आम्ही पोटात असल्यापासून सायकलवर. डोक्यावर टोपलं घालून पाव आणायला जाणारं माणूस मी एकच पाहिलंय आणि ते माझ्या दुर्दैवाने माझ्याच घरात उतरलंय. डोकं आतून भरलेलं असलं की बाहेरून गादी लागत नाही.”

कॅमेरेवाला हसला. जोडपं हसलं. फेन्ना हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

“कॉलिनला गोठ्यापासून फाटकापर्यंत जायचं होतं,” ती आपल्या भाषेत, फक्त गेस्केला ऐकू जाईल असं बोलली. “तीनशे पावलं. हेल्मेट खुंटीला होतं. मी म्हटलं घाल. तो म्हणाला, फाटकापर्यंत तर जायचंय. वळणावर गाडी उलटली. त्याच्या अंगावर दुसरं काही लागलेलं नव्हतं, गेस्के. एक ओरखडा नाही. फक्त डोकं.”

गेस्केने हातातलं बिस्किट बशीत ठेवलं.

“दोन वर्षं झाली,” फेन्ना म्हणाली. “तू एकदाही विचारलं नाहीस.”

आता बोलायची वेळ होती. चुकले, असं एवढंच म्हणायचं होतं, लहान मूलही म्हणतं. सव्वीस वर्षं लोकांच्या पोरांच्या चुका टिपणाऱ्या बाईला ते एक वाक्य सुचेना.

“कॉफी थंड होतेय तुझी,” ती म्हणाली.

 फेन्नाने उठून नारंगी हेल्मेटचा पट्टा लावला.

बागेतून परतताना एक चौक लागतो. तिथे सायकलींचा सिग्नल वेगळा आहे: मोटारी चारही बाजूंनी थांबतात आणि सायकलींना सगळ्या दिशांनी एकदम हिरवा मिळतो. मग चारही तोंडांनी शेपन्नास सायकली एकाच वेळी चौकात उतरतात, सरळ जाणाऱ्या, वळणाऱ्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या जाणाऱ्या, आणि एकमेकींतून पाण्यासारख्या निघून जातात. पोलीस नाही, पट्टे नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं, वेग एकसारखा ठेवायचा, आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. गावातली माणसं हे करताना मोबाइलवर बोलतात, सफरचंद खातात. फेन्ना देश सोडून गेली तेव्हा हा सिग्नल नव्हता.

लीकेने सगळं दोनदा समजावून सांगितलं. जोडप्याने सायकली हातात धरून पदपथाने जाणं पसंत केलं. कॅमेरेवाल्याने आधी कॅमेरा तपासला.

गेस्के पहिल्यांदाच फेन्नाच्या पुढे जाऊन उभी राहिली. आपण पुढे असलो तर ती आपल्यामागून येईल, असा तिचा हिशेब होता. डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं, डोक्यात ते तीनशे पावलांवरचं फाटक होतं. हिरवा झाला. सगळे निघाले. गेस्के तिरकी घुसली, आणि मधोमध पोचल्यावर तिला वाटलं: ही डावीकडे वळेल. समोरून कुणी आलं की ही सवयीने डावीकडे वळेल आणि आपटेल. तिने हँडल धरून मान पूर्ण मागे वळवली आणि ओरडली, “फेन्ना! उजवीकडे! उजवीकडे!”

फेन्ना उजवीकडेच होती. समोरून आलेल्या पोराला तिने डोळ्यांनी विचारलं, त्याने मान हलवली, ती त्याच्या मागून सुळकन निघाली आणि पलीकडच्या कडेला टेकली.

गेस्के मात्र ज्याच्यावर आदळली ती पुढे लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल होती. पेटीत टोमॅटोची रोपं होती. गेस्के त्यांच्यावरून पलीकडे गेली, मनगटावर पडली, मग कुशीवर, आणि तिचं डोकं डांबरापासून चार बोटांवर येऊन थांबलं. तिला ते डांबर अगदी जवळून दिसलं. त्यात चपटी झालेली एक बाटलीची झाकणी होती.

दोन्ही बाजूंनी सायकली वळसा घालून जातच राहिल्या. रोपवाली बाई हाय हाय करत उतरली. एक उंच विद्यार्थी थांबला, वाकला, आणि प्रेमळपणे, एकेक शब्द सुटा करून, इंग्रजीत म्हणाला, “आजी, बऱ्या आहात ना? या चौकात मागे वळून बघायचं नसतं. पुढे बघायचं आणि थांबायचं नाही. तुमच्या देशात असे सिग्नल नसतील. सुटी मजेत जावो.”

गेस्केने केसांतलं टोमॅटोचं पान काढलं. 

लाल झाला, मोटारींनी हॉर्न दिला नाही पण देऊ का असं विचारणारे चेहरे केले. लीके धावत आली, म्हणाली अँब्युलन्स बोलावते. “मेले नाहीये मी,” गेस्के म्हणाली. मनगट सुजत होतं, बोटं हलत होती. तिच्या सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं. लीकेने ती सायकल खांबाला लावली.

 फेन्नाने नारंगी सायकल गेस्केसमोर आडवी आणली आणि कॅरियरवर थाप मारली.

“बस.”

“भाड्याच्या सायकलवर डबलसीट न्यायची परवानगी...” लीके बोलू लागली, पण फेन्नाचा चेहरा पाहून तिने वाक्य गिळलं.

“तुझ्या पिशवीत जास्तीचं हेल्मेट आहे ना?” फेन्नाने तिला विचारलं.

“मी नाही घालणार ते,” गेस्के म्हणाली.

“मग मी इथेच उभी राहते. मला घाई नाही. विमान सोमवारी आहे.”

असं त्या दिवशी, शनिवारी, ऐन बाजाराच्या वेळी गेस्के वीर्स्मा डोक्यावर नारंगी हेल्मेट घालून, कपाळावर ते दात काढणारं चाक मिरवत, भाड्याच्या सायकलच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसून गावातून गेली. पूर्वी शाळेतून येताना फेन्ना अशी तिच्यामागे बसायची. मासळीच्या ठेल्यावरची बाई, जिच्याकडून ती तीस वर्षं हेरिंग घेत होती, ती हात हवेत धरून तशीच बघत राहिली. चीजवाल्याने आपल्या बायकोला कोपर मारलं. ज्यांना पाहून आपण वर्षानुवर्षं नाक मुरडलं त्यांच्या डोळ्यांना आपण कसे दिसत असू, हे गेस्केला त्या तीन किलोमीटरांत पुरेपूर कळलं. आणि कळूनही तिचे डोळे काम करत होतेच. फेन्ना प्रत्येक वळणाला हात दाखवत होती. मागे बघत होती. एकही मार्क कापायला जागा नव्हती.

कालव्यावरचा पूल नेमका उघडा होता. एक होडी सावकाश, अगदी सावकाश चालली होती. दोन्ही काठांना सायकलींची गर्दी. फेन्नाने पाय टेकला. गेस्के तिच्या पाठीकडे बघत बसली. पाठीशी बोलणं तोंडाशी बोलण्यापेक्षा सोपं असतं.

“रॉसला काय सांगणार?” तिने विचारलं.

“तूच सांग, काय सांगू?”

‘तुझं तू ठरव’ हे शब्द गेस्केच्या जिभेवर तयार होते. नेहमीसारखे, हाताशी ठेवलेल्या छत्रीसारखे. तिने ते गिळले. मनगट ठणकत होतं.

“वरच्या खोलीला पोपडे आलेच नव्हते,” ती म्हणाली. “रंग तुझ्यासाठी लावला. पडदेही.”

“माहितीय. रंगाचा वास अजून जात नाही तिथला.”

“मी विचारायला हवं होतं. कॉलिनचं. वाटलं, तुला त्रास होईल. खोटं. मलाच ऐकायची भीती वाटली.” तिने श्वास घेतला. “राहा, फेन्ना.”

होडी गेली. फेन्ना वळली नाही, पण तिचे कान लाल झालेले मागून दिसत होते. पूल खाली येऊ लागला.

“एका अटीवर,” ती म्हणाली.

“काय?”

“डोक्यावर आहे ते. रोज. पाव आणायला गेलीस तरी. कुठे का जाईनास. मी एकदा खुंटीवर टांगलेलं पाहिलंय, गेस्के. पुन्हा घरात तसं बघणार नाही. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी जाते परत.”

पूल बसला. सगळे निघाले. फेन्ना निघाली. कॅरियरवर बसून गेस्के हिशेब करू लागली. हेल्मेट घालून सगळं आयुष्य! मासळीवाली, चीजवाला, पुढच्या गल्लीतली पोरं, जी तिच्या हाताखालून पास-नापास झाली होती आणि आता स्वतःच्या पोरांना घेऊन फिरत होती. खिडकीतून ती ज्या ज्या डोक्याला हसली होती ती सगळी डोकी आता तिला हसणार होती. याहून मोठी किंमत फेन्नाने मागितली असती तर तिने हसत दिली असती. ही मात्र नेमकी दुखत होती.

गल्लीत वळले. सीबोल्ट कामिंगा शिडीवर होता, कुंपण छाटत. कात्री तशीच उघडी ठेवून त्याने आधी सायकल पाहिली, मग हेल्मेट, मग खालचं तोंड. हा माणूस सहसा बोलत नाही, पण अशी संधी दर जन्मी येत नाही.

“नमस्कार बाई,” तो म्हणाला. “कुठून आलात? कसं वाटलं आमचं गाव?”

गेस्के कॅरियरवरून उतरली. तिचा न दुखावलेला हात आपोआप हनुवटीखाली, पट्ट्याच्या चापावर गेला. फेन्ना सायकल धरून उभी होती आणि त्या हाताकडे बघत होती, दुसरीकडे कुठेही नाही.

गेस्केने हात खाली घेतला.

“याहून वाईट झालं असतं,” ती सीबोल्टला म्हणाली, तोंड मात्र बहिणीकडे करून. मग फाटक उघडलं आणि हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून पायऱ्या चढू लागली.

दारात ती थांबली.

“सोमवारी दुकान उघडलं की जाऊ,” ती म्हणाली. “पण नारंगी नको. काळं बघू.”